खाली आहे

बुधाजी गमरे यांच्याबद्दल आमच्या चाळीत दोन मतं होती. एक असं, की हा माणूस सरकारचा पगार घेऊन दिवसभर आभाळाकडे बघत बसतो. दुसरं असं, की बघतोय कसला, झोपत असेल. तिसरं मत माझं होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं. शाळामास्तरणीला पोरांच्या मार्कांपलीकडे कोणी काही विचारत नाही.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. मधला अंधारा पॅसेज ओलांडला की त्यांचा उंबरठा. माझा नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत. बुधाजींना मी दादा म्हणायची, ते मला मीराबाय म्हणत. सडसडीत माणूस, डोळे कायम बारीक केलेले. बाजारात कांदे निवडतानासुद्धा लांबचं काहीतरी न्याहाळतायत असं वाटायचं. त्यांची बायको सुंदराबाई म्हणायची, ह्यांना घरात मीठ संपलेलं दिसत नाही, आभाळातली घार मात्र दिसते.

महायुद्धात दादा लष्करात होते, शत्रूची विमानं ओळखणाऱ्या तुकडीत. नुसत्या आकारावरून, नाहीतर आवाजावरून, कुठलं विमान किती उंचावर आहे आणि कुठे चाललंय ते सांगायचं. युद्ध संपलं, तुकडी मोडली. पण वरळीच्या टेकडीवर त्या काळात बांधलेली एक चौकी उभी होती. चारी बाजूंनी खिडक्या, एक स्टूल, एक दुर्बीण आणि एक टेलिफोन. विमानतळाच्या लोकांना ती चौकी कामाची वाटली, आणि चौकीत बसायला दादा सापडले.

त्यांचं काम मी नीट समजावून घेतलं होतं, म्हणून सांगते. उतारूंची मोठी विमानं दक्षिणेकडून समुद्रावरून येत आणि आमच्या डोक्यावरून उतरत उतरत उपनगरातल्या विमानतळाकडे जात. त्यांच्यात रेडिओ असे, विमानतळाच्या मनोऱ्यातल्या साहेबाशी ती बोलत. पण फ्लाइंग क्लबची दोन माणसांची छोटी विमानंही शहरावर फिरत आणि त्यांच्यात रेडिओ नव्हता. निघण्याआधी परवानगी घ्यायची, उंची ठरवून घ्यायची, आणि मग कोणाशी बोलणं नाही. मनोऱ्यातून आमच्या बाजूचं आकाश दिसत नसे. म्हणून मोठं विमान यायच्या आधी साहेब टेकडीवर फोन करी. आकाश मोकळं असेल तर दादांनी म्हणायचं, ‘क्लिअर’. छोटं विमान मोठ्याच्या वाटेच्या वर असेल तर ‘अबव्ह’, खाली असेल तर ‘बिलो’. शेवटच्या दोन शब्दांपैकी कुठलाही म्हटला, की साहेब मोठ्या विमानाला समुद्रावरच थोपवून धरी. तीन इंग्रजी शब्दांची नोकरी होती ती.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की वैमानिकांना डोळे नसतात का. त्यांना हा प्रश्न फार आवडला. माझ्या ओट्यावरची परात त्यांनी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातात वाटी. मोठ्याचे पंख बुडाशी असतात, म्हणाले, त्याला आपल्या पोटाखालचं दिसत नाही. छोट्याचा पंख डोक्यावर छपरासारखा, त्याला वरचं दिसत नाही. मोठं उतरतंय, छोटं सरळ चाललंय, दोघंही शहाणे, दोघंही जागे, आणि तरी दोघं एकमेकांवर येऊन बसतात. बाजूला उभा राहून बघणारा तिसराच लागतो. एवढं बोलून त्यांनी परात वाटीवर अलगद टेकवली. आवाज जराही झाला नाही, पण मला ते बघवलं नाही.

तर असा हा माणूस, आणि ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीच्या जिन्याजिन्यात सभा, भिंतीभिंतीवर घोषणा. गोळीबारात गेलेल्यांचं सुतक अजून गिरणगावातून उतरलेलं नव्हतं. आमच्या मजल्यावरचा राजाराम समितीचा पुढारी. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, आवाज भोंग्यासारखा, पण कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यात आधी तोच हजर. त्याला दादांची गंमत करायची खोड होती. टेकडीवर पाणी भरायला गेलेल्या कोणीतरी दादांना फोनवर इंग्रजी बोलताना ऐकलं होतं. झालं. राजाराम दादांना बघितलं की सलाम ठोकायचा आणि म्हणायचा, काय गमरेसाहेब, आज आभाळ मराठी की इंग्लिश? पोरं हसायची. दादाही हसायचे, पण घरी आल्यावर सुंदराबाईशी बोलायचे नाहीत.

मनोऱ्यात त्या वेळी जे साहेब होते ते गिरगावातले. एका दुपारी दादांनी फोनवर धीर करून ‘वर आहे, साहेब’ असं म्हटलं. साहेबांनी मराठीतच ‘बरं’ म्हटलं आणि मोठं विमान थोपवलं. काही बिघडलं नाही. त्या संध्याकाळी दादा राजारामकडे स्वतःहून गेले आणि त्यांनी त्याला सांगितलं, की आजपासून वरळीचं आभाळ मराठी. राजारामने त्यांना मिठी मारली. पुढे कित्येक महिने ‘वर आहे’, ‘खाली आहे’, ‘मोकळं आहे’ असंच चाललं आणि एकदाही चूक झाली नाही. मला त्याचा अभिमान वाटला होता. चाळीतल्या सगळ्यांनाच वाटला होता.

मग गिरगावातल्या साहेबांची बदली झाली आणि उत्तरेकडून एक तरुण साहेब आला. तो वाईट नव्हता. मुंबईचं मोडकंतोडकं हिंदी त्याला कळत होतं आणि दादांना ‘गमरेजी’ म्हणत होता. पहिल्या दिवशी त्याने दादांना नियम वाचून दाखवला, तेच तीन शब्द. दादा ‘येस सर’ म्हणाले. थोडे दिवस त्यांनी तेच शब्द वापरले. पण जिन्यात राजाराम होता, आणि निवडणूक तोंडावर आली होती.

सत्तावन्न सालची निवडणूक. समितीच्या सभेची पत्रकं आकाशातून टाकायची टूम निघाली. क्लबचं एक विमान भाड्याने ठरलं. चालवणारा गिरगावचा रघुवीर, पंचविशीतला, नुकतं पक्कं लायसन्स मिळालेला. त्याने रीतसर परवानगी घेतली होती, उंची ठरवून घेतली होती. त्या रविवारी सकाळी मी गच्चीवर गोधड्या वाळत टाकत होते. लोअर परळच्या धुराड्यांवरून ते पिवळं विमान आलं आणि पोरांनी एकच गिल्ला केला. पत्रकं सुटली. पांढऱ्या कागदांचा लांबलचक पट्टा आकाशात तरंगायला लागला.

त्याच वेळी टेकडीवर फोन वाजला होता. मोठं विमान येतंय, काय दिसतंय, असं साहेबाने विचारलं. दादांनी दुर्बीण लावली होती. पिवळं विमान त्यांना लख्ख दिसत होतं, मोठ्याच्या वाटेच्या खाली, आमच्याच दिशेने येणारं. त्यांनी सांगितलं, ‘खाली आहे, साहेब. खाली आहे.’

साहेबाने ऐकलं, ‘खाली है.’ म्हणजे रिकामं. त्याच्या भाषेत खाली म्हणजे रिकामं, आणि कशाला त्याच्या, आमच्या मुंबईत मराठी बाईसुद्धा धुण्याआधी डबा ‘खाली’ करते. ‘ठीक है’ म्हणून त्याने फोन ठेवला आणि मोठ्या विमानाला उतरत यायला सांगितलं.

दादांना वाटलं, साहेबाला कळलं. ते वाट बघत राहिले, मोठं विमान आता समुद्राकडे वळेल, आता वळेल. ते वळलं नाही. त्यांनी परत फोन फिरवला तर लाइन गुंतलेली. मी गच्चीवरून बघितलं ते एवढंच, की हाजीअलीच्या बाजूने एक प्रचंड चंदेरी विमान आलं आणि पिवळ्याच्या डोक्यावर येत गेलं. मला परात आणि वाटी आठवली. मी ओरडले की नाही ते मला सांगता येत नाही. मग मोठ्या विमानाने एकदम अंग टाकलं आणि ते समुद्राकडे कलंडलं. पिवळं विमान कापलेल्या पतंगासारखं गोता खाऊन छापखान्याच्या आणि पोस्टाच्या छपरांवरून हेलपाटलं, आणि कसंबसं सावरलं. राहिलेली पत्रकं गठ्ठ्यानेच नाल्यात पडली.

मोठ्या विमानाच्या वैमानिकाने पुढे सांगितलं, की छोटं विमान त्याला दिसलंच नव्हतं. समोर हवेत कागद उडताना दिसले, हे काय म्हणून तो दचकला आणि वळला. त्या विमानात बायका होत्या, अंगावर पिणारी पोरं होती. सगळे कागदांमुळे वाचले.

दादा संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. चौकीतच राहिल्या असाव्यात. सुंदराबाईने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरूनच ठेवलं.

चौकशी बसणार हे दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यानंतर तो तरुण साहेब स्वतः चाळीत आला, साध्या कपड्यांत. पॅसेजमध्ये कोळशाच्या शेगड्यांचा धूर होता, त्यातून डोळे पुसत दादांचं दार विचारत आला. मी समोरच होते. तो रडवेला झाला होता. म्हणाला, गमरेजी, आपण दोघांनी काही मुद्दाम केलं नाही. तुम्ही एवढंच सांगा, की विमान तुम्हाला दिसलं नाही. गिरण्यांच्या धुरात खाली दडलं होतं, ठरलेली उंची सोडून, आणि एकाएकी वर आलं. मग तुमची चौकी राहील, माझी नोकरी राहील. त्या मुलाचं लायसन्स जाईल, पण तो तरुण आहे, दुसरं काही करेल.

साहेब गेल्यावर सुंदराबाईने दार लावलं, पण तिचा आवाज दारात मावणारा नव्हता. साहेब काय चुकीचं सांगतोय, असं तिचं म्हणणं होतं. तो पोरगा कोण आपला? त्यातच राजाराम आला, तो वेगळंच घेऊन. त्याला सभा घ्यायची होती, दादांना व्यासपीठावर बसवायचं होतं. मुंबईत मराठी माणूस मराठीत बोलला आणि साहेबाला मराठी कळेना, याच्याहून मोठा मुद्दा कुठला? चौकशीत दादांनी ठणकावून सांगावं, चूक साहेबाची.

दादांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग ते माझ्या दारात आले आणि उंबरठ्यावर बसले. मला म्हणाले, ‘मीराबाय, चौकी गेली तर तिथं दुसरं कोनी बसनार नाय. मला ठाव हाय. मला नोकरीचं नाय वाटत एवढं. पन आभाळ तसंच उघडं पडेल.’

मी म्हटलं, मग साहेब म्हणतो तसं सांगा. खरंच म्हटलं मी तसं. विमानातली ती पोरं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि चौकी राहायलाच हवी असं मला वाटत होतं. एका लायसन्सपेक्षा चौकी मोठी, हा माझा हिशोब.

डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा दादरच्या चौपाटीवर चितेच्या उजेडात आम्ही सगळ्यांनी पंचशील घेतलं होतं. सुंदराबाईने त्याच आठवड्यात देव्हाऱ्यातले टाक समुद्रात सोडले होते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील. दादांनी मला त्याचीच आठवण करून दिली. म्हणाले, अडीच महिने नाय झाले, आणि पहिल्याच परीक्षेला मी दांडी मारू? मीही त्यांच्याच शेजारी उभी राहून ते शब्द म्हटले होते.

चौकशी फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत झाली. दादांनी मला बरोबर नेलं, कारण इंग्रजीत काय लिहिलं जातंय ते ऐकणारं आपलं कोणीतरी हवं असं त्यांना वाटत होतं. लांब टेबलामागे तीन अधिकारी, मधला पांढऱ्या मिशांचा, तोच प्रमुख. बाजूला एक कारकून दुभाषा म्हणून बसवलेला. कोपऱ्यात रघुवीर, हातात टोपी, रंग उडालेला. तरुण साहेब दादांकडे बघत नव्हता.

प्रमुखाने विचारलं, छोटं विमान तुम्हाला दिसलं होतं का. दादा म्हणाले, ‘दिसलं होतं. ठरलेल्या उंचीवरच होतं. मी फोनवर सांगितलं, खाली आहे.’

कारकून कानपूरकडचा असावा. त्याने न अडखळता इंग्रजीत सांगितलं: विमान साक्षीदाराला दिसलं होतं, पण फोनवर त्याने आकाश रिकामं असल्याचं कळवलं.

तिन्ही अधिकाऱ्यांनी माना वर केल्या. ज्या शब्दाने ते विमान मरणाच्या दारात नेलं होतं, तोच शब्द या खोलीत परत तसाच उलटा झाला होता, आणि या वेळी त्याने दादांना खुनी ठरवलं होतं. दादांना इंग्रजी फार येत नसलं तरी तेवढं कळलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘नो सर. बिलो. खाली मीन्स बिलो.’

तरुण साहेबाने डोळे मिटले. त्यालाही ते त्या क्षणीच कळलं असावं, की त्या सकाळी त्याने काय ऐकलं होतं. प्रमुखाने कारकुनाला गप्प बसवलं आणि दादांकडे जरा मऊ नजरेने बघितलं. तो इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला, आणि तो विचारणं त्याला भागच होतं. हा शब्द तुम्हाला येतो, तर तुम्ही तो तेव्हा का वापरला नाही?

दादा मराठीत बोलले. प्रमुखाने खोलीभर बघितलं आणि मला खूण केली, बाई, तुम्ही सांगा. मला उठावं लागलं.

दादा म्हणाले होते, ‘घाईत नाय झालं, साहेब. मी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. चाळीत हसत होते मला. नियम मला माहीत होता.’

मला ‘घाईत’ म्हणता आलं असतं. माझ्या तोंडात तो शब्द आला होता. घाईत माणूस आपल्या भाषेत बोलतो, हे कोणालाही पटलं असतं. दादांना ताकीद मिळाली असती, चौकी राहिली असती, रघुवीरही सुटला असता. सगळं एका शब्दावर होतं आणि तो शब्द माझ्या हातात होता. मी दादांकडे बघितलं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसे मी शाळेत पाढा म्हणणाऱ्या पोराकडे बघते. मी जसंच्या तसं सांगितलं. माझं इंग्रजी त्या दिवशी जितकं शुद्ध होतं तितकं पुन्हा कधी झालं नाही, आणि मला त्याचा राग आहे.

निकाल लवकर लागला. रघुवीरचा दोष नाही. तरुण साहेबाला ताकीद आणि बदली. दादांना कामावरून कमी केलं. आणि चौकी बंद. तोंडातोंडी निरोपावर असं काम चालवणं धोक्याचं आहे, असं त्यांनी ठरवलं. यापुढे वैमानिकांनी आपली नजर आपणच ठेवावी.

राजारामने दादांशी बोलणं टाकलं. त्याच्या मते दादांनी भर कचेरीत मराठीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मी त्याला जिन्यात गाठून सुनावलं, की मराठीचं काही बिघडलेलं नाही, ती माझ्या वर्गात रोज ठणठणीत असते. बिघडलं ते त्या माणसाचं, आणि त्यात तुझ्या सलामांचा वाटा आहे. तो खाली बघत निघून गेला. पुढे त्यानेच खटपट करून दादांना लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लावलं, पण दादांसमोर येऊन उभा राहिला नाही.

रघुवीर पेढे घेऊन आला होता. दादांच्या पाया पडायला वाकला, तर दादा मागे सरले. म्हणाले, ‘तुझ्यासाठी नाय बोललो मी. पेढे घेऊन जा.’ पोरगा ओशाळला. मग दादांनीच त्याला बसवलं आणि विचारलं, की आता वर कोण आहे हे तुला कसं कळतं. रघुवीर म्हणाला, आम्हीच बघतो. दादांनी विचारलं, डोक्यावरच्या पंखातून? रेडिओ बसवा म्हणून रघुवीरने क्लबकडे अर्ज केला होता, पण क्लबचे लोक बघू म्हणत होते. सुंदराबाईने पेढ्यांचा पुडा उचलून आत ठेवला, कारण कांता, त्यांची मुलगी, मघापासून त्या पुड्याकडे बघत होती.

तीन वर्षं गेली. दादा गिरणीत जायचे, यायचे, जेवायचे. रस्त्यात विमानाचा आवाज आला तरी मान वर करत नसत. सुंदराबाईला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. मला एकदा म्हणाली, माणूस आंधळा झाला असता तरी मी सांभाळला असता, पण हे डोळे असून न बघणं मला कळत नाही. मी तिची समजूत घातली. मला तरी कुठे कळत होतं?

आणि मग साठ सालचा मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. आदल्या रात्रीपासून चाळीत कोणी झोपलं नाही. तोरणं, लेझीम, गुलाल. गिरण्यांच्या फाटकांवर दिवे. ज्यांचे भाऊ, मुलगे गोळीबारात गेले होते त्या बायका मैदानात बसून रडत होत्या आणि हसतही होत्या. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू? राजाराम तर लहान पोरासारखा नाचत होता. रविवारी सकाळी लालबाग, परळ, वरळीवर विमानातून फुलं पडणार अशी बातमी होती, आणि विमान रघुवीरच चालवणार होता. तो आदल्या दिवशी दादांना सांगून गेला होता. दादांनी त्याला एकच विचारलं, की विमानात रेडिओ बसला का. अजून नाही, तो म्हणाला.

विमानाचा आवाज आला तशी सगळी चाळ गच्चीवर, गॅलऱ्यांत, मैदानात. मी कांताला घेऊन वर जायला निघाले, तर दादांचं दार लोटलेलं. आत डोकावले. दादा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, मान गुडघ्यांत. शेजारी सुंदराबाई त्यांचा हात धरून. बाहेर एवढा जल्लोष आणि त्या खोलीत कोणी गेल्यासारखं.

मी म्हटलं, दादा, चला ना वर, फुलं पडतायत. त्यांनी मान उचलली नाही.

‘मोठंही येतंय, मीराबाय. दोन आवाज हायत. ऐक.’

मला एकच घरघर ऐकू येत होती, आणि ढोल.

‘तू जा वर,’ ते म्हणाले. ‘बघ, आणि दोन्ही लांब झाली की मला येऊन सांग.’

मी कांताला तिथेच सोडलं आणि जिना धावत चढले. गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं हात वर करून ओरडत होती, बायकांनी फुलं झेलायला पदर पसरले होते. मी कडेला गेले आणि डोळ्यांवर हात धरला. मे महिन्याचं पांढरं, धुरकट ऊन. त्यात एक पिवळं विमान आणि एक चंदेरी, दोन्ही एकाच दिशेने चाललेली. मी डोळे बारीक केले, दादा करायचे तसे. त्यातलं कुठलं जवळ आणि कुठलं लांब, ते मला काही केल्या कळेना. आजूबाजूला कोणाला विचारावं म्हटलं, तर सगळे फुलं बघत होते.